शिपायाने लिहिलेले जंगल

नायजेरियातील कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा पोर एमॉस टुटुओला जेमतेम सहा वर्षे शाळा शिकला. लागोसच्या कामगार खात्यात शिपाई असताना त्याने 'द पाम-वाइन ड्रिंकार्ड' ही अद्भुत कादंबरी लिहिली. ती १९५२ साली लंडनहून प्रसिद्ध झाली.

तिच्या नायकाला बाप ५ लाख ६० हजार ताडीची झाडे देतो. केवढे हे हिरवे वैभव! पण पुढे बाजारात एक देखणा पुरुष भेटतो, त्याचे अवयवसुद्धा भाड्याचे. नायक स्वतःची भीती व्याजाने देतो. शेवटी दुष्काळ पडतो. भाडे, व्याज, भूक. ही भुते ज्याने पाहिली त्यालाच सुचणार.

डिलन टॉमसने इंग्लंडात कौतुक केले. मायदेशातल्या कित्येक सुशिक्षितांना मात्र त्याच्या 'अशुद्ध' इंग्रजीची लाज वाटली. दलित साहित्याच्या भाषेला नाक मुरडणारे आम्हीही पाहिले आहेत. टुटुओलाचे दुसरे पुस्तक १९५४ साली आले, त्याच इंग्रजीत.