उन्हाळ्यात चतुर जातात कुठं?

मे महिन्यात दुपारी दोनला देगलूरकडच्या वावरात उभं राहिलं, की हलणारं काही दिसत नाही. कुत्रं ट्रॅक्टरखाली, म्हसरं लिंबाखाली, माणसं घरात. फक्त हौदाच्या कठड्यावरून एक चतुर उठतो, घिरटी घेतो आणि पुन्हा तिथंच बसतो.

तिथंच म्हणजे नेमकं कुठं, हे मात्र कळत नाही. बसला की दिसेनासाच होतो. करडं सिमेंट, त्यावर वाळलेल्या शेवाळाचे काळे-पांढरे डाग, आणि याचं अंगही तसंच डागाडागांचं. पंख पसरून भिंतीला सपाट चिकटतो. पुतणीनं बोट ठेवून दाखवला तरी मला मिनिटभर दिसला नाही. याचं इंग्रजी नाव ग्रॅनाइट घोस्ट, म्हणजे दगडातलं भूत. शास्त्रीय नाव ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडं काळा पाषाण सरतो आणि ग्रॅनाइट लागतो. अशा खडकांचा आणि त्यांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्याचा हा रहिवासी. आपण विहिरी बांधल्या, सिमेंटचे हौद बांधले. त्याच्या हिशेबी खडकच वाढले.

हौदात वाकून पाहिलं तर तळाशी त्याची पिल्लं असतात. मातकट, बिनपंखी, दिसायला अगदीच गबाळी. पण डासाची अळी जवळून गेली की जबड्याखाली घडी करून ठेवलेला हात जेसीबीच्या बकेटसारखा सुटतो आणि अळी तोंडात. श्वास घ्यायची तऱ्हा तर त्याहून अजब. चतुराचं पिल्लू मागच्या दारानं पाणी आत ओढतं, कारण त्याचे कल्ले तिथं आत असतात. संकट दिसलं की तेच पाणी जोरात मागं फेकतं आणि स्वतः पुढं सुसाट. टाचणीच्या पिल्लाचे कल्ले बाहेर असतात, शेपटीला लावलेल्या तीन पानांसारखे. (बसल्यावर पंख उघडे ठेवतो तो चतुर, बहुतेक वेळा पाठीवर मिटते ती काडीसारखी टाचणी. सुरुवातीला एवढी ओळख पुरते.)

म्हणजे चतुर उडताना दिसला तरी त्याचं बालपण पाण्यातलं. आणि आपल्याकडं तर पाणीच गायब होतं. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली. माणसांची सोय झाली. ओढे-तळी आटल्यावर चतुरांनी काय करायचं?

काही जण उरलेल्या डोहांवर गर्दी करतात. गोदावरीकाठी विष्णुपुरीच्या जलाशयाजवळ सकाळी गेलात तर लालभडक चतुर काडी-काडीवरून भांडताना दिसतील. ऊन चढलं की हे शीर्षासन करतात. शेपूट सरळ सूर्याकडं रोखली की अंगावर पडणारं ऊन कमी होतं. बेचाळीस अंशांत मलाही हे जमलं असतं तर बरं झालं असतं.

आणि एक जण सरळ देशच सोडतो. पँटाला फ्लॅव्हेसेन्स, पिवळट अंगाचा, जेमतेम बोटाएवढा. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना दर ऑक्टोबरात या चतुरांच्या झुंडी येताना दिसत. त्या बेटांवर गोडं पाणी जवळपास नाहीच, मग हे आले कुठून? 2009 मध्ये त्यांनी मांडलं, की हे भारतातून वाऱ्यावर स्वार होऊन निघतात, समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत पोचतात, आणि पुढच्या पिढ्या मोसमी वाऱ्यांबरोबर परततात. जाणारा आणि येणारा एकच नसतो. हा फेरा पिढ्यांनी मिळून पुरा होतो. अंगात ग्रॅमभरही वजन नाही! याची पिल्लं दीड-दोन महिन्यांत मोठी होतात, म्हणून पावसाचं डबकंही यांना तळ्यासारखं.

मामा दरवर्षी जूनमध्ये आभाळाकडं न बघता वावराकडं बघतो. "चतुर खाली आलेत, कडब्यावर ताडपत्री टाक," एवढंच म्हणतो. दर वेळी पाऊस येतोच असं नाही, पण ताडपत्री मी टाकतो.

चतुरांना पाणी ओळखू येतं ते चकाकीवरून. पाण्यावरून परतणारा उजेड आडव्या दिशेत ध्रुवित होतो. आपल्याला ते कळत नाही, चतुराच्या डोळ्याला दिसतं. तोच डोळा कधी फसतो. हंगेरीतल्या एका कब्रस्तानात काळ्या, चकचकीत थडग्यांवर चतुर पाण्यासारखी जागा धरून बसलेले अभ्यासकांनी नोंदवले आहेत.

गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला. रस्त्यावरची डबकी भरली होती, तरी एक पिवळट मादी आमच्या गाडीच्या बॉनेटवर पुन्हापुन्हा शेपूट टेकवत होती. पत्रा तापलेला, अंडी वाया जाणार. मी गाडी लिंबाच्या सावलीत नेऊन लावली.