जुन्या तेल-इंजिनांची दुरुस्ती आणि त्यांतील फेरफार

पूर्णेच्या खोऱ्यांत हिंडतांना एखाद्या विहिरीच्या कांठीं अथवा गोठ्यामागें गंजून बसलेलें जुनें तेल-इंजिन अजूनही दृष्टीस पडतें. बहुतेकांच्या लेखीं तो लोखंडाचा ढीग होय; भंगारवाला येतो, काट्यावर वजन करतो आणि घेऊन जातो. वास्तविक यांतील पुष्कळशीं इंजिनें मेलेलीं नसतात, थांबलेलीं असतात. तीं पुन्हां चालतीं करणें हा फावल्या वेळाचा उत्तम छंद आहे. युरोप-अमेरिकेंत हौशी लोक लांकूड कापण्याच्या जुन्या साखळी-करवती अशाच जुळवून पुन्हां चालवितात, आणि जुन्या इंजिनांचे मेळेही भरवितात. आपल्याकडे या हौसेस योग्य वस्तु म्हणजे तेल-इंजिन. मात्र दुरुस्ती कोठें संपते, फेरफार कोठें सुरू होतो आणि कोणता फेरफार करूं नये, हें न जाणल्यास हौसेचें मोल हातापायानें द्यावें लागतें. तें सांगावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. डीझेल याचें पहिलें यशस्वी इंजिन १८९७ सालीं जर्मनींत चाललें. पुढें १९३० च्या सुमारास इंग्लंडांतील लिस्टर कारखान्यानें संथ चालीचें, एका सिलिंडरचें, उभें डीझेल इंजिन काढलें. त्याच्या ६ अश्वशक्तीच्या नमुन्याचा सिलिंडर साडेचार इंच व्यासाचा, पिस्टनची धांव साडेपांच इंच, आणि गति मिनिटास ६५० फेरे. या धर्तीचीं इंजिनें कालांतरानें राजकोटकडील कारखान्यांतही होऊं लागलीं. साताऱ्याच्या कूपर कारखान्यानें १९३० नंतर डीझेल इंजिनें बनविण्यास आरंभ केला. आणि १९०३ पासून लोखंडी नांगरामुळें शेतकऱ्यांच्या परिचयाच्या झालेल्या किर्लोस्करांनीं १९४६ सालीं पुण्यास तेल-इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला. मोटेच्या जागीं हीं इंजिनें आलीं. नंतर वीज आली. आमचें येलदरी धरण १९६८ सालीं पुरें झालें व त्याच्या पायथ्याशीं साडेसात मेगावॅटचे तीन संच बसले. इकडे खेडींही एकेक करून विजेच्या तारांनीं जोडलीं गेलीं. विजेचा पंप बटन दाबतांच चालतो. हँडल मारण्याचे कष्ट कोणास हवेत? इंजिन मागें पडलें तें यामुळें, निकामी झालें म्हणून नव्हे.

काम हातीं घेण्यापूर्वीं एक शिस्त पाळावी. महसुली दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें मला ती सहज सुचते. जमिनीचा हक्क बदलला म्हणजे आपण जुनें नांव खरवडून काढीत नाहीं. गांव नमुना ६ मध्यें फेरफाराची नोंद होते, ती प्रमाणित होते, आणि मग सातबारावर तिचा अंमल होतो. पूर्वीची नोंद मागाहून पाहणाऱ्यास वाचतां येते. इंजिनाचेंही असेंच करावें. त्याच्या पाटीवरील कारखान्याचें नांव, अनुक्रमांक, अश्वशक्ति व मिनिटाचे फेरे प्रथम वहींत उतरून घ्यावे. जो भाग सुटा होईल तो कोणत्या क्रमानें निघाला, कोणत्या बाजूस होता, हें लिहावें. पाटी घासून चकचकीत करण्याच्या भरांत तिच्यावरील अक्षरें घालवूं नयेत. तीच त्या इंजिनाची सनद होय.

पिस्टन जाम असल्यास त्यावर घण मारूं नये. वरून डीझेल व पातळ वंगण सोडून कांहीं दिवस धीर धरावा, आणि फ्लायव्हील मागें-पुढें बोटभर हलवून पाहावें. पाण्याच्या पोकळींत विहिरीच्या पाण्याचा क्षार थरावर थर बसलेला असतो. तो काढल्याविना इंजिन थंड राहणार नाहीं. तेलाच्या पंपांतील दांडी व तिची नळी ही जोडी कारखान्यांत एकमेकींस घासून बसविलेली असते. तिला पॉलिश-कागद लावूं नये, आणि एका इंजिनाची दांडी दुसऱ्यास घालूं नये. नोझलचा फवारा तपासतांना हात समोर आणूं नये. तो सुईसारखा कातडींत शिरतो. जखम लहान दिसली तरी तत्काळ रुग्णालय गांठावें.

पिस्टन व हेड यांमध्यें किती जागा राहते, हें पाहण्यास शिशाची तार उपयोगी पडते. तिचा तुकडा पिस्टनवर ठेवून हेड बसवावें, फ्लायव्हील हातानें एक वेळ पूर्ण फिरवावें, आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजून ती कारखान्याच्या पुस्तकांतील मापाशीं ताडून पाहावी. फ्लायव्हीलवर हलकेंच हातोडी वाजवावी. अखंड बीड घंटेसारखें खणखणतें. तडा गेलेलें बद्द वाजतें. बद्द वाजणारें चाक कितीही आवडतें असलें तरी पुन्हां फिरवूं नये, आणि त्यास वेल्डिंगही करूं नये.

इंजिन प्रथम चालवितांना तें उघड्या जागीं, पायाच्या बोल्टांनीं घट्ट बांधलेलें असावें. हवेचें तोंड झांकेल अशी जाड फळी जवळ ठेवावी. तेलाचा दांडा अडकून इंजिन भरधांव सुटल्यास हवा बंद करणें हाच खात्रीचा उपाय होय. अंगावर उपरणें अथवा सैल कपडा नसावा.

आतां फेरफाराकडे वळूं. पाणी कमी पडलें कीं गव्हर्नरची स्प्रिंग ताणून फेरे वाढविण्याचा मोह अनेकांस होतो. येथें हिशेब मांडून पाहावा. दोन फूट व्यासाच्या फ्लायव्हीलचा परीघ सुमारें ६.२८ फूट. मिनिटास ६५० फेऱ्यांनीं त्याची कड ४,०८४ फूट धांवते. ८५० फेऱ्यांनीं ५,३४१ फूट. बिडाच्या चाकाची कड मिनिटास एक मैल, म्हणजे ५,२८० फूट, यापुढें जाऊं नये असा यंत्रशाळांतील जुना दंडक आहे. शिवाय चाक फोडूं पाहणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे फेरे तिसऱ्या हिश्श्यानें देखील वाढले नाहींत तोंच ताण १.७ पट झाला! पुली बदलून केवळ पंपाचे फेरे वाढविले तरी सुटका नाहीं. पंपाची गति दहा टक्के वाढविली तर त्यास शक्ति सुमारें तेहतीस टक्के अधिक लागते, आणि इंजिन काळा धूर ओकूं लागतें.

उलट कांहीं फेरफार निःशंक करावे: पट्ट्यास जाळीचें आवरण, डीझेलसाठीं चांगली गाळणी, कडबा कापण्याच्या यंत्रास अथवा लहान जनित्रास जोडणी. करंजाच्या तेलाचा प्रयोगही करण्यासारखा आहे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत एक लहान डीझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें. मात्र असें तेल डीझेलहून फार दाट असतें. म्हणून इंजिन डीझेलवर सुरू करावें, तापल्यावर गाळलेलें व ऊन केलेलें तेल द्यावें, आणि बंद करण्यापूर्वीं पुन्हां थोडा वेळ डीझेलवर चालवावें. न केल्यास नोझल चिकटतें. या सर्व फेरफारांत एक लक्षण समान आहे: बोल्ट काढले कीं इंजिन पूर्ववत् होतें, आणि पाटीवरील फेऱ्यांची मर्यादा ओलांडली जात नाहीं. कोणताही नवा बेत याच दोन कसोट्यांवर पारखावा, आणि केलेला फेरफार तारखेसह वहींत नोंदवावा.

हें इंजिन विजेच्या पंपाशीं स्पर्धा करील असें नाहीं. परंतु वीज नसेल त्या दिवशीं जनावरांपुरतें पाणी तें काढील, आणि घरच्या मुलास यंत्र म्हणजे काय हें उघड्या डोळ्यांनीं दाखवील. संथ चालीमुळें त्याची प्रत्येक हालचाल दिसते. भंगाराचे पैसे महिन्याभरांत सरतात. वितळलेलें इंजिन कांहीं केल्या परत येत नाहीं. म्हणून काट्यावर चढविण्यापूर्वीं शेतकरी बंधूंनीं निदान त्याची पाटी पुसून वाचावी आणि चाक हातानें हलवून पाहावें.