पिस्तुलाआधी नजर

१६ जानेवारी २०२५ रोजी बिदरच्या शिवाजी चौक परिसरात मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी एटीएमची रोकड नेणाऱ्या कर्मचाऱ्यांवर भरदिवसा गोळ्या झाडल्या. एकाचा जीव गेला, दुसरा गंभीर जखमी झाला. आपल्या भालकीपासून हे ठिकाण जेमतेम ४० किलोमीटर. अशा घटनेनंतर पहिली चर्चा होते ती शस्त्राची. स्वसंरक्षणासाठी पिस्तूल शिकवणारे मात्र त्याआधीचा प्रश्न विचारतात: धोका दिसतो केव्हा?

या प्रश्नामागे सेकंदांचा हिशेब आहे. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की धावत येणारा माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. सराव असलेल्यालाही कमरेचे पिस्तूल काढून नेम धरायला जवळपास तितकाच वेळ लागतो. म्हणजे धोका उशिरा दिसला, तर हाती शस्त्र असूनही उपयोग नाही.

मग तो आधी का दिसत नाही? डोळे उघडे असले म्हणजे सारे दिसतेच असे नाही. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्रिस यांनी १९९९ मध्ये लोकांना एक चित्रफीत दाखवून चेंडूच्या फेका मोजायला सांगितल्या. मधूनच गोरिलाच्या वेषातील व्यक्ती खेळाडूंमध्ये येऊन छाती बडवून गेली. जवळपास निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. मोजणीत गुंतलेल्या मेंदूकडे दुसरीकडे द्यायला लक्ष शिल्लक नव्हते. रोकड मोजणारा किंवा मोबाइलवर पिन टाकणारा माणूस याच अवस्थेत असतो. त्यात त्याचा दोष नाही. मेंदूची घडणच तशी आहे.

सतत टक लावून बसणे हाही उपाय नाही. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोक घड्याळाच्या काट्याची क्वचित पडणारी दुप्पट उडी टिपत होते. पहिल्या अर्ध्या तासातच त्यांच्या नजरेतून अधिक उड्या सुटू लागल्या. बँकेच्या दारात तासन्‌तास उभ्या असलेल्या रक्षकाला हेच लागू पडते.

म्हणून प्रशिक्षक जेफ कूपर यांनी सावधपणाच्या पायऱ्या रंगांनी सांगितल्या. पांढरा म्हणजे बेसावध. पिवळा म्हणजे मन सैल, पण भोवतालचे भान जागे. विशिष्ट व्यक्ती किंवा हालचाल खटकली की नारिंगी आणि कृतीची वेळ आली की लाल. घराबाहेर पडल्यावर पिवळ्यात राहावे, हे या शिकवणीचे सार. पिवळ्या अवस्थेत ताण नसतो, म्हणूनच ती दिवसभर पेलते.

या भानाची शास्त्रीय मांडणी मिका एंड्स्ली यांनी १९९५ मध्ये तीन टप्प्यांत केली: दिसणे, अर्थ लागणे, पुढे काय घडेल याचा अंदाज येणे. एटीएमसमोर मोटारसायकल उभी आहे, हे दिसणे झाले. इंजिन चालूच आहे, मागे बसलेला उतरलेला नाही आणि त्याची नजर रोकड आणणाऱ्या गाडीतल्या पेटीवर आहे, हा अर्थ. पेटी बाहेर आली की तो उतरेल, हा अंदाज. अंदाज वेळेत आला, तर पेटी आतच ठेवता येते आणि गोळी झाडण्याची वेळच येत नाही.

रोकड वाहतुकीसाठी केंद्राने २०१८ मध्ये केलेल्या नियमांत गाडीबरोबर दोन सशस्त्र रक्षक सांगितले आहेत. लक्षाच्या विज्ञानाच्या अंगाने पाहिले, तर यातली मोठी गोष्ट बंदूक नसून कामाची वाटणी आहे. पेटी हाताळणाऱ्याला चौफेर पाहता येत नाही, म्हणून पाहणे हेच ज्याचे काम असा माणूस लागतो. रक्षकालाच पेटी उचलायला लावली, तर नियम कागदावरच उरतो.

भालकीच्या बँका, सराफ आणि अडत दुकानांनी एवढे तरी करावे: रक्षकांच्या पाळ्या लहान ठेवाव्यात, त्यांना इतर कामे सांगू नयेत आणि 'काय खटकले तर काय करायचे' याची तालीम घ्यावी. आपणही पैसे काढण्याआधी आणि काढल्यावर एकदा चौफेर पाहावे, बाहेर पडायची वाट ध्यानात ठेवावी, काही खटकले तर पुढे निघून जावे. शस्त्राला परवाना लागतो. या सवयींना फक्त रोजचा सराव.