मॉरिस मायनरचे ब्रेक घरीच जुळवताना

ब्रेकचं पायडल तळाला जातं, पण लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं? मग बहुधा लायनर झिजून शू ड्रमपासून लांब गेलेत. (पायडल स्पंजासारखं लागत असेल, तर पाइपात हवा आहे, तो आजार वेगळा.) १९४८ ते १९७१ या काळात इंग्लंडात निघालेल्या मॉरिस मायनरला, म्हणजे आपल्याकडच्या ‘बेबी हिंदुस्तान’च्या भावंडाला, हे काम एका स्क्रूड्रायव्हरवर भागतं.

बाकीच्या चाकांना उटी लावा, जॅकच्या जोडीला स्टँड द्या. नुसत्या जॅकवर भरवसा नको. हबकॅप काढून चाक हळूहळू फिरवा. भोकातून खाचेचा स्क्रू दिसला की थांबा. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पिळून चाक जाम करा, मग कट्कन एक खटका मागे घ्या. चाक मोकळं फिरायला हवं; किंचित घासल्याचा आवाज चालतो. पुढच्या चाकांना असे दोन-दोन स्क्रू असतात, मागच्यांना एकेकच. पुढचा एखादा राहून गेला, तर ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढू लागते. मागचं काम करताना हँडब्रेक सोडलेला हवा. आणि ड्रम उघडलाच, तर आतली धूळ फुंकू नका: जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं.