स्टॅमफर्ड : थांबलेल्या गावाची किंमत

कॉलीवेस्टनच्या खाणीतला चुनखडीचा दगड आधी थंडीने फुटतो, हातोडी नंतर. हिवाळ्यात खाणकामगार दगडाचे मोठे तुकडे उघड्यावर मांडत आणि त्यांवर पाणी मारत राहत. रात्री थरांमध्ये मुरलेले पाणी गोठून फुगे आणि दगड थरांवर सुटू लागे. मग हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी पातळ फरशा वेगळ्या करायच्या. छपरावर मोठ्या फरशा वळचणीला, आणि आढ्याकडे जाताना त्या लहान लहान होत जातात. तिथून जवळच, इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या दक्षिण टोकाला, वेलंड नदीच्या काठी वसलेल्या स्टॅमफर्डमध्ये अशी छपरे गल्लोगल्ली दिसतात.

हे जुने बाजाराचे गाव. मध्ययुगात लोकरीवर श्रीमंत झालेले, पुढे लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे घोडागाड्यांचे ठाणे. आज सुमारे वीस हजार वस्तीच्या या गावात सहाशेहून अधिक संरक्षित वास्तू आहेत. एवढे सगळे टिकले कसे? त्याचे बरेचसे श्रेय गावाच्या खुंटलेल्या वाढीला आहे.

पहिल्या एलिझाबेथ राणीचा मुख्य सल्लागार विल्यम सेसिल याचा बर्ली हाउस हा वाडा गावाला लागूनच आहे. त्याच्या वंशजांचा, म्हणजे एक्सेटरच्या सरदार घराण्याचा, गावाच्या राजकारणावर वचक होता. गावाच्या उत्तरेकडची सामाईक शेते 1870च्या दशकापर्यंत बांधकामाला मोकळी झाली नाहीत. नवी वस्ती म्हणजे सरदारांच्या मुठीबाहेरचे नवे मतदार, हेही त्यामागचे एक कारण मानले जाते. लंडनहून उत्तरेकडचा मुख्य लोहमार्गही पीटरबरोवरून गेला. पीटरबरोला कारखाने आले, स्टॅमफर्ड होते तिथेच राहिले. त्या काळच्या रहिवाशांना तो अन्याय वाटला असेल, तर नवल नाही.

पुढे 1960 साली बाह्यवळण रस्ता झाला आणि गावातून धडधडत जाणारी मालमोटारींची रांग थांबली. 1967च्या नागरी सौंदर्यविषयक कायद्याने ‘संवर्धन क्षेत्र’ ही संकल्पना आणली, आणि त्या कायद्याखाली इंग्लंडमधले पहिले संवर्धन क्षेत्र स्टॅमफर्डच ठरले. ‘मिडलमार्च’ या कादंबरीवरच्या बीबीसीच्या मालिकेचे चित्रीकरण इथे झाले. 2013 साली ‘संडे टाइम्स’ने राहण्यासाठी ब्रिटनमधले सर्वोत्तम ठिकाण म्हणून या गावाची निवड केली. पीटरबरो आगगाडीने पाव तासावर आणि तिथून जलद गाडीने लंडन तासाभराच्या आत. लंडनच्या पगारावर या दगडी घरांत राहता येऊ लागले, तेव्हा इथल्या पगारावर राहणाऱ्यांची पंचाईत झाली.

हे दुखणे देशभराचे आहे. 1997 साली इंग्लंडमधले मध्यम किमतीचे घर मध्यम वार्षिक पगाराच्या साधारण साडेतीन पट होते. 2021 साली ते नऊ पटींवर गेले. 1980च्या कायद्याने नगरपालिकेच्या भाडेकरूंना राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. अनेक कुटुंबे त्यामुळे घरमालक झाली, हे खरे; पण विकलेल्या घरांच्या जागी तेवढी नवी घरे बांधली गेली नाहीत. 2011पासून ‘परवडणारे भाडे’ या नावाखाली बाजारभावाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत भाडे घेता येते. जिथे बाजारभावच आवाक्याबाहेर, तिथे त्याचे ऐंशी टक्के कोणाला परवडणार?

संरक्षित वास्तूची खिडकी बदलायचीही परवानगी लागते. पण त्या खिडकीमागे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले कुटुंब भाडे झेपत नाही म्हणून गाव सोडून गेले, तर संवर्धनाच्या कायद्याला त्याचे काही देणेघेणे नाही. गावाचा स्वभाव दगडात असतो, तसाच शुक्रवारच्या बाजारात भाजीचा ठेला लावणाऱ्यात, शाळेतल्या मदतनिसात, छपरावर फरशा चढवणाऱ्या गवंड्यातही असतो. ही माणसे रोज बाहेरून येऊन काम करून परत जाऊ लागली, तर उरेल ते फक्त देखणे नेपथ्य. नव्या घरांना सरसकट विरोध करून जुने गाव वाचत नाही. गावात राबणाऱ्यांना गावातच राहता येईल अशा भाड्याची घरे बांधणे, हाही संवर्धनाचाच भाग मानला पाहिजे.

स्टॅमफर्डला हा विचार नवा नाही. विल्यम ब्राउन या लोकरीच्या व्यापाऱ्याने 1475च्या सुमारास ब्रॉड स्ट्रीटवर दहा गरीब पुरुष आणि दोन गरीब स्त्रियांसाठी निवारा बांधला. शुक्रवारी त्याच रस्त्यावर बाजार भरतो आणि त्या निवाऱ्याच्या आवारात आजही वृद्ध माणसे राहतात.