वहीतली आजी आणि घरातली दादी

मराठीच्या वहीत 'माझी आजी' हा निबंध आला की आपल्या मुलांची पंचाईत होते. घरात तिला दादी म्हणायचे, तिच्याशी दखनीत बोलायचे आणि वहीत मात्र गाइडमधली आजी उतरवायची. ती आजी तुळशीला पाणी घालते, कीर्तनाला जाते. आपली दादी फजरला उठते, दुपारी नातवंडांच्या भांडणाचा निवाडा करते, दारी आलेल्याला उपाशी जाऊ देत नाही. ती वहीत येतच नाही. मार्क मिळतात, पण आपल्या घरातली माणसे मराठीत लिहिण्याजोगी नाहीत, हेही मूल नकळत शिकते. हे नुकसान मार्कांपेक्षा मोठे आहे.

ही अडचण फक्त आपली नाही. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या कितीतरी घरांत कन्नड बोलतात. मिरजेत मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी शेजारी नांदतात. वेगवेगळ्या घरांतल्या मुलांनी एकत्र शिकणे ही तर इकडची जुनी रीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. आता २०२० च्या कायद्याने राज्यात सर्व माध्यमांच्या शाळांना मराठी शिकवणे बंधनकारक केले आहे. तेव्हा मुलांना मराठी घोकायला लावण्यापेक्षा तिची गोडी लावलेली बरी.

ओळखीचे शब्द, वेगळे अर्थ

आपल्या मुलांकडे एक पुंजी आधीच असते. इमानदार, दिलदार, बेफिकीर हे शब्द मराठीने फारसीकडून घेतले. असे शब्द इतके, की माधव जूलियन यांनी १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोशच केला. मात्र काही शब्दांनी वाटेत अर्थ बदलला. उर्दूत 'हैरान' होणारा चकित होतो, मराठीत 'हैराण' होणारा त्रासून जातो. उर्दूत 'मिजाज' म्हणजे स्वभाव, मराठीत 'मिजास' म्हणजे तोरा. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे हार, मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त' म्हणजे कसोशीचे प्रयत्न. अशा जोड्या मुलांसमोर ठेवल्या की त्यांना मजा वाटते आणि चुकाही टळतात.

दुसरी अडचण लिंगाची. दखनीत लिंगे दोन, मराठीत तीन. म्हणून आधी न बदलणारी विशेषणे द्यावीत: हुशार, तापट, हट्टी, मायाळू. ती पक्की झाली की भोळा मुलगा, भोळी मुलगी, भोळे मूल.

आधी कृती, मग शब्द

स्वभावाचे शब्द यादी पाठ करून येत नाहीत. मुलाला विचारावे, "दादी काय काय करते?" ते आपल्या बोलीत सांगेल: पाहुण्याला वाढल्याशिवाय स्वतः जेवत नाही. मग शब्द द्यावा, 'अगत्यशील'. दुकानदाराने चुकून जास्त दिलेले पैसे चाचा परत करून आले? 'प्रामाणिक'. आठवड्याला असे चारच शब्द, पण प्रत्येकामागे घरातले एक माणूस. गुणाबरोबर दोषही येऊ द्यावा. 'दादी तापट आहे, पण राग पाणी पिईपर्यंतच टिकतो' या एका वाक्यात गाइडच्या पानभर निबंधापेक्षा जास्त दादी आहे.

एक पथ्य मात्र मोठ्यांनी पाळावे. विशेषणे मुलांनाही चिकटतात. मराठीत अडखळणाऱ्या मुलाला 'मंद' म्हणू नये. ते दोन भाषा सांभाळत आहे.

आणि वहीत 'दादी' हाच शब्द राहू द्यावा. वाचणाऱ्याला तो कळतो. आज रात्री दस्तरखानावर एकच प्रश्न विचारून पाहा: आपल्या घरात सर्वांत मायाळू कोण, आणि ते कशावरून? उत्तर मराठीत आले नाही तरी चालेल. 'कशावरून' सांगता आले, की निबंधाचे पहिले वाक्य तयार झाले.