डिप्लोमानंतर मुलाला नोकरीला लावावे की डिग्रीला?

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड भागातील दुकानदारांची व कारागिरांची मुले आता आयटीआय आणि पॉलिटेक्निकला जाऊ लागली आहेत. खरी पंचाईत त्यानंतर होते. हातात डिप्लोमा येतो, एखाद्या कारखान्याचे बोलावणे येते आणि घरात दोन तट पडतात. वडील म्हणतात कमाईला लाग, मुलगा म्हणतो पुढे शिकतो.

आम्ही पडलो कापडवाले, तेव्हा हिशेबानेच बोलू. डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, म्हणजे आणखी तीन वर्षे. खर्च केवळ फीचा नाही. शहरातील खोली, खानावळ आणि तीन वर्षांचा बुडालेला पगार हेही फीतच धरले पाहिजे. एवढे भांडवल घालून घेतलेल्या डिग्रीला बाजारात गिऱ्हाईक आहे काय, हे आधी पाहावे.

काही ठिकाणी मात्र कागदावाचून दारच उघडत नाही. महावितरणच्या विद्युत सहायकाच्या जागेला आयटीआयचे इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचे प्रमाणपत्र लागते. वीस वर्षे वायरिंग केलेला उस्ताद, कितीही हुनरमंद असो, त्यावाचून अर्जही करू शकत नाही. सबब ज्याच्याजवळ काहीच कागद नाही, त्याने आधी तो मिळवावा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला आपल्या राज्यात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.

कॉम्प्युटरच्या धंद्यात रीत थोडी वेगळी आहे. तेथे काम येते काय, हे आधी विचारतात. विप्रो कंपनीने 1995 पासून पिलानीच्या बिट्स संस्थेशी मिळून बी.एस्सी. झालेल्यांना नोकरी करता करता पुढे शिकविण्याची सोय केली. एचसीएल कंपनी 2017 पासून बारावी झालेल्यांनाही प्रशिक्षण देऊन कामावर घेते व सोबत डिग्री करू देते. अशा ठिकाणी करारपत्र बारकाईने वाचावे. किती वर्षे सोडता येणार नाही आणि सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, हे सहीआधी विचारावे. नंतर विचारून उपयोग नाही.

आता अनुभवाविषयी. आपल्याकडे मुलगा मामाच्या गॅरेजात किंवा ओळखीच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तीन-चार वर्षे काढतो. हात तयार होतो. पण नेमणूकपत्र नाही, पगाराची पावती नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही. कंपनीच्या अर्जात तो अनुभव शून्य धरला जातो. याउलट 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एक वर्ष काढले, तर विद्यावेतन मिळते आणि शेवटी प्रमाणपत्रही. डिप्लोमावाल्यांनाही ही सोय आहे.

नोकरी धरल्याने शिक्षण संपते, असेही आता राहिले नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2023-24 पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळी डिप्लोमा व डिग्रीचे वर्ग चालविण्याची मुभा कॉलेजांना दिली. अट अशी की किमान एक वर्षाची पूर्णवेळ नोकरी हवी, तीही नोंदणीकृत संस्थेत आणि कॉलेजच्या जवळपास. मामाचे गॅरेज येथेही सहसा चालत नाही.

आमचे मत विचाराल तर, ज्या घरात मुलाच्या पगारावाचून चूल अडत नाही, त्याने डिग्री लगेच उरकावी. पगार एकदा घरखर्चात मिसळला, त्यात लग्न झाले, की पुन्हा बाकावर बसणारे थोडेच. ज्या घराला पगार हवाच आहे, त्याने पाचशे-हजार रुपये कमी मिळाले तरी नेमणूकपत्र देणारी नोकरी धरावी, आणि जवळ असे वर्ग आहेत काय याची चौकशी करूनच नागपूर, अकोला की पुणे ते ठरवावे.